आमच्या विभागातली एकच जागा

क्लोव्हर फॉल्स, विस्कॉन्सिन
मे महिन्यातला दुसरा सोमवार

प्रिय आर्लीनताई,

धाकट्या लेस्टरचा तुला मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तू तर तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तेव्हा हा सल्ला तू नेमका कसा पाळतेस याची आम्हा दोघांना काळजी लागून राहिली आहे. (व्हर्नाचं म्हणणं, तू तो पाळत नसणारच. तुमच्या घराण्यात डॉक्टरांचं ऐकायची रीत नाही, असं ती म्हणते, आणि घराणं म्हणताना माझ्याकडे बघते.) तुझ्या मांजराचं डायटिंग कुठवर आलं? इकडे सगळं ठीक आहे. तळ्यावरचा बर्फ गेला, मासेमारी सुरू झाली, मला अजून एकही मासा मिळालेला नाही आणि शेजारच्या क्लॅरेन्सला सात मिळाले. तो ते दाखवायला स्वतः घरी आला होता.

पत्राला उशीर झाला याचं कारण तुला ठाऊकच आहे, निवडणूक. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी आपल्या राज्यात एप्रिलात पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली आणि जानेवारीपासून मी त्यात आकंठ बुडालो होतो. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जायचं हे माझं किती वर्षांचं वेड, हे तुला मी सांगायला नको. आपण लहान असताना टीव्हीवर ती टोप्या घातलेली, पाट्या नाचवणारी माणसं बघून मी आईचा झाडू घेऊन घरभर मिरवणूक काढली होती आणि तू मला त्याच झाडूने मारलं होतंस. चाळीस वर्षं पक्षाच्या खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या, दर शुक्रवारी मासे तळायच्या कार्यक्रमात पक्षाचं टेबल लावून बसलो. आता निवृत्त झालोय. या खेपेला नाही तर कधीच नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि गव्हर्नर हॉलिस ब्रँट यांचा झेंडा खांद्यावर घेतला.

ब्रँटच का, असं तू विचारशील. सगळ्यांनीच विचारलं. खरं कारण असं, की बाकी दोघा बड्या उमेदवारांकडे आमच्या भागात प्रतिनिधी व्हायला इच्छुकांची रांग होती आणि ब्रँटकडे रांगेत मी एकटा होतो. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठे काय बोलावं याचा पोच नाही. मार्चमध्ये तो आला तेव्हा मी त्याला आमच्या चीजच्या कारखान्यावर नेलं. मी तिथे एकतीस वर्षं काढली, फाटकावर दीडशे माणसं जमवली. कोणीतरी प्रेमाने ताज्या चीजची पिशवी पुढे केली, तर हा गृहस्थ म्हणाला, की डॉक्टरांनी मला चीज बंद केलंय. चीजवर जगणाऱ्या विस्कॉन्सिनमध्ये! कारखान्याच्या फाटकात! ताई, पिशवी पुढे करणाऱ्याने ती तिथल्या तिथे मागे घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दुपारी मी मनातल्या मनात त्याची निम्मी मतं वजा केली.

आता आमच्या पक्षाचा हिशेब असा आहे, की विभागात उमेदवाराला पंधरा टक्के मतं पडली तर त्याच्या वतीने अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवायची जागा, एक मत जरी कमी पडलं तरी भोपळा. आमच्या विभागाला सहा जागा. ब्रँटचं पहिलं येणं शक्यच नव्हतं, माझी सगळी धडपड त्या पंधरा टक्क्यांसाठी. मतदानाच्या दिवशी मी सकाळी सातपासून व्हॅन घेऊन म्हाताऱ्यांना ने-आण करत होतो. एक्क्याण्णव वर्षांच्या इग्नात्झ काकांना खुर्चीसकट उचलून नेलं. पडद्याआड पंधरा मिनिटं लावून ते बाहेर आले आणि म्हणाले, "दिलं बाबा मत. तुझ्या माणसाला नाही हां, त्या दुसऱ्याला. तो माझ्या थोरल्या भावासारखा दिसतो." त्यांना घरी पोचवताना मी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही. पण निकाल लागला आणि बघतो तर काय, आमच्या विभागात ब्रँटला पंधरा टक्क्यांवर तेवीस मतं जास्त! उरलेल्या पाच जागा दोन बड्यांनी तीन-दोन अशा वाटून घेतल्या आणि एक आमची झाली. ती तेवीस मतं माझ्या व्हॅनमधलीच होती, हे मी त्या आठवड्यात गावात सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा.

मी तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलो होतो. टोपीसुद्धा आणली, चीजच्या तुकड्यासारखी पिवळी, फोमची, आपल्या राज्याचे प्रतिनिधी घालतात तसली. ती घालून मी आरशासमोर उभा होतो तेव्हा व्हर्ना स्वयंपाकघरातून पक्षाची नियमावली घेऊन आली. (फेब्रुवारीत आली होती. मी ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली दिली होती. व्हर्ना मात्र छापलेलं काहीही वाचते, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.) म्हणाली, "लेस्टर, जरा बस. राज्यात बायका आणि पुरुष प्रतिनिधी सारखे हवेत असा नियम आहे. ज्या उमेदवाराला एकच जागा मिळेल त्याची आपल्या विभागातली जागा यंदा बाईची आहे. पान एकवीस."

मी पान एकवीस तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच होतं. मग मी पक्षाचा जिल्हाध्यक्ष ड्वेन याला फोन केला. ड्वेन म्हणाला, "अरे, मला वाटलं तुला माहितीय. तू एवढा धावत होतास तो बायकांसाठीच धावतोयस असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणत होतो." मी फोन ठेवला आणि टोपी काढली.

दोन दिवस मी जेवलो नाही. (व्हर्ना म्हणते, जेवलास, फक्त बोलला नाहीस.) तिसऱ्या दिवशी मी मोठ्या मनाने म्हणालो, की अर्ज करायची मुदत उद्या संपते, ग्रेचेन स्टूबने अर्ज भरलाय, चांगली हुशार बाई आहे, शाळेची मुख्याध्यापिका होती, जाऊ दे तिला. व्हर्ना बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मीही भरलाय." कधी भरलास म्हटलं, तर म्हणे, "तू टोपी शोधायला गेला होतास तेव्हा."

ताई, जी बाई अडतीस वर्षांत पक्षाच्या एका सभेला शेवटपर्यंत थांबली नाही, जी मला टेबल लावताना बघून "झालं का तुमचं राज्य चालवून" असं विचारायची, ती अधिवेशनाला जाणार! मी जमीन नांगरायची आणि पीक हिने न्यायचं, असं मी तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, नियमाने पीक बाईचंच आहे, निदान घरातल्या बाईकडे येऊ दे.

गेल्या शनिवारी दुपारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये ब्रँटच्या समर्थकांची बैठक भरली. आम्ही बासष्ट जण होतो. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, कोणाच्या तरी सुनेने केलेला हिरव्या जेलीचा डोंगर, सगळं यथासांग. दोघींना बोलायला एकेक मिनिट दिलं. ग्रेचेन शेती, दवाखाने, शाळा यांवर असं बोलली, की ब्रँटपेक्षा हिलाच उभं करावं असं वाटलं. मग व्हर्ना उठली. तिने नवा निळा स्वेटर घातला होता आणि हातातला कागद तिने एकदाही उघडला नाही. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षं तिकडे जायचंय. नियमाने त्याला जाता येत नाही. मला निवडलंत तर तिथे जे बघेन ते मी परत येऊन त्याला सांगेन. ग्रेचेनला निवडलंत तर तिथे काय चाललंय ते टीव्हीपुढे बसून चार दिवस तो मला सांगेल. तेव्हा जरा माझा विचार करा." सगळा हॉल हसला. ड्वेन तर खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं.

मग चिठ्ठ्या. पडद्याआडचं मतदान वेगळं आणि पक्षाचं हे वेगळं. इथे गुप्त काही नाही, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि खाली आपली सही करायची, बिनसहीची चिठ्ठी बाद. ड्वेनने हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण तेव्हा सॉसेजची रांग पुढे सरकत होती. मोजणी झाली. व्हर्ना एकतीस, ग्रेचेन तीस, आणि एका चिठ्ठीवर ग्रेचेनचं नाव, खाली सही नाही. ड्वेनने ती वर धरली आणि म्हणाला, "ही ज्याची असेल त्याने इथे येऊन सही करा, धरू या. मग बरोबरी होईल आणि पुन्हा मतदान घेऊ. दोन मिनिटं देतो." सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. कोणीच उठलं नाही. असला विसरभोळा मूर्ख आमच्यात कोण, यावर अजून गावात पैजा लागताहेत. दोन मिनिटं संपली, चिठ्ठी बाद झाली आणि तुझी भावजय ऑगस्टमध्ये अधिवेशनाला आमची प्रतिनिधी म्हणून जाणार हे ठरलं. मी टाळ्या वाजवल्या. आता घरी टोपी घालून ती आरशासमोर उभी असते आणि मी बटाटे सोलतो.

असो. गुडघ्याला जप. क्लॅरेन्सने दिलेला मासा आम्ही खाल्ला, चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं.

तुझा,
लेस्टर

ता. क. अधिवेशन तुझ्याच शिकागोत आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. व्हर्नाची सोय राज्याच्या मंडळींबरोबर हॉटेलात होईल. मला आत सोडणार नाहीत, पण निदान बाहेरून तरी बघता येईल. तुझा सोफा चार दिवस मिळेल का? मांजराशी मी जुळवून घेईन.

ता. क. २. ती चिठ्ठी माझी होती. व्हर्ना एका मिनिटात सगळ्या हॉलला माझ्यावर हसवून खाली बसली ना, तेव्हा डोक्यात काय शिरलं कोण जाणे, सरळ ग्रेचेनचं नाव लिहिलं, आणि रागात सही राहिली. ड्वेनने चिठ्ठी वर धरली तेव्हा मी उठणारच होतो, पेनसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात व्हर्नाकडे लक्ष गेलं. ती मान खाली घालून बसली होती, चष्मा काढून हातात धरला होता, आणि तो न उघडलेला कागद तिने इतका चुरगळला होता, की तिलाही जायचं आहे, नुसती माझी थट्टा म्हणून नाही, खरंच जायचं आहे, हे मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी बसून राहिलो. मला माझी लाज वाटते, ताई. हे तिला कळवू नकोस, म्हणूनच पाकीट स्वतः चिकटवतोय.

ता. क. ३. ताई, मी व्हर्ना. पाकीट वाफेवर कसं उघडतं हे मला सासूबाईंनीच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. चिठ्ठी कोणाची ते ड्वेनने ती वर धरली तेव्हाच मला कळलं. सॉसेजवरच्या मोहरीच्या चटणीचा एवढा मोठा डाग पाडून लिहिणारा आमच्या विभागात एकच आहे. आता तो उठतो की काय, या धास्तीने मी चष्मा काढून बसले होते. चष्मा असता तर मला ते बघावं लागलं असतं. सोफा लागणार नाही. हॉटेलात मी दोघांची खोली घेतली आहे आणि ड्वेनच्या मागे लागून वरच्या सज्जात बसायचा पाहुण्यांचा पासही मिळवलाय. त्याला यातलं काही कळवू नकोस. चिठ्ठीचं तो स्वतःहून मला सांगेल त्या दिवशी मी पास त्याच्या हातात देईन. मी ऑगस्टपर्यंत थांबायला तयार आहे. तोवर तू त्याला लिही, की मांजर सोफ्यावरून उठत नाही.