दुपारी तीनची कूस

गुरुवार, दि. ९ मार्च
दुपार

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. तू ठीक असावीस अशी इच्छा आहे. आहेस असं गृहीत धरत नाही.

प्रथम एक फिर्याद. इथून जाताना तू घरातलं एकुलतं एक नेलकटर घेऊन गेलीस. वॉर्डात काम करणाऱ्याची नखं बोटाबाहेर दिसता कामा नयेत हा तिथला नियम मला मान्य आहे, आणि रुग्णसेवेसाठी गृहस्थाने थोडाफार त्याग करावा हेही शास्त्रसंमत आहे. परंतु पाच महिने झाले. प्रस्तुत फिर्यादीने मध्यंतरी कात्रीचा प्रयोग करून पाहिला, त्यात उजव्या अंगठ्याला हौतात्म्य आलं. दुकानात नेलकटर मिळतात, हा तुझा बचाव मी आधीच ऐकून ठेवला आहे. मिळतात. पण मला आपल्या घरचं हवं असतं. गेल्या आठवड्यात छापखान्याचे मालक माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता खांबातून प्रकट व्हायचं तेवढं बाकी आहे." मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, तरी.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर चार ओळी दिसल्या की माझ्यासारख्या मुद्रितं तपासणाऱ्याला वाटतं, मधला मजकूर गळला असावा. काम सोडलं. परत जाणार नाही. नर्सिंग माझ्यासाठी नाही. तुम्ही येऊ नका आणि समजावू नका. चारही वाक्यं निर्दोष. कुठे पेन्सिल लावायला जागा नाही, आणि म्हणूनच मी ती तीनदा वाचली. तू एरवी एका वाक्यात तीन विषय कोंबतेस.

तर समजावत नाही. वस्तुस्थिती तेवढी मांडतो. नर्सिंगच्या शाळेनं तुझी जागा धरून ठेवली आहे ती एकाच अटीवर: वॉर्डात सहा महिने काम केल्याचं पत्र. पाच झाले आहेत. तुझ्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही, खणात ठेवला आहे. येत्या सोमवारी सकाळी सातला तू हजर झालीस तर तो त्या तिथेच फाडतील. नाही झालीस तर पत्र नाही, आणि पत्र नाही तर शाळा नाही.

हे मला कसं कळलं? मी आलो होतो.

तू येऊ नका म्हणालीस ते सोमवारी. मी मंगळवारी आलो. आज्ञाभंग कबूल. फॉर्मवर पालक म्हणून माझा नंबर आहे, त्यावर मोठ्या सिस्टरांचा फोन आला होता. तुझा फोन बंदच. सकाळच्या बसनं निघालो आणि जेवणाची ताटं गोळा होत होती तेव्हा तुझ्या वॉर्डाच्या दारात पोचलो. तुझ्या पत्रांमुळे सगळं ओळखीचं वाटलं. कुरकुरणारी ढकलगाडी, खिडकीखालचा तो पलंग जिथे बसायला सगळ्यांना आवडतं, जंतुनाशकाचा वास, आणि त्या वासाखालचा दुसरा, जो तू कधी लिहिला नव्हतास.

मोठ्या सिस्टर तुझ्या वर्णनापेक्षा बुटक्या निघाल्या. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, तुमची मुलगी रुग्णाला 'कूस बदलू का' असं विचारते. अहो, विचारायचं नसतं, सांगायचं असतं आणि बदलायची असते. ती परवानगी मागते, मग ते नाही म्हणतात, मग ही हात बांधून उभी.

मग त्यांनी शिंपीआजोबांचा कागद दाखवला.

तुझ्या पत्रांतून मी त्यांना चांगलं ओळखत होतो. पहिल्याच दिवशी तुझ्या गणवेशाची कड चिमटीत धरून "टीप वाकडी आहे गं, कुणाकडे टाकलास?" म्हणाले होते ते. दुखण्यानं त्यांना रात्र रात्र झोप नसायची, जेवणानंतर तेवढी लागायची, हेही तू लिहिलं होतंस. "बाकी कधीही ये, पण तीनला तेवढी येऊ नकोस, पोरी," असं ते म्हणाले, हे मात्र मला सिस्टरांकडून कळलं. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तो कागद आता त्यांच्या खणात आहे, तुझ्या राजीनाम्यावर. उजवी, डावी, पाठ, दर दोन तासांचा एक चौकोन, चौकोनात सही. तीनचे चौकोन पाच दिवस रिकामे.

पाचव्या दिवशी, रोज दुपारी चार चार तास एकाच कुशीवर पडून, कंबरेखालची कातडी फुटली. मग ताप चढला, मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि अकराव्या दिवशी ते गेले. हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

सिस्टर म्हणाल्या, हृदय आधीच थकलेलं होतं, जखम हे एकच कारण नव्हे. पण कारणांत ती होती. आजोबांच्या मुलाला त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो खूप चिडला. चिडणारच. 'रोज संध्याकाळी तो कागद बघणं हे माझं काम, ते मी पाच दिवस केलं नाही', हेही त्यांनी त्याला सांगितलं, आणि वरती लेखी दिलं. खरं बोलायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसावं.

"खोटी सही केली असती ना," त्या म्हणाल्या, "तर मीच तिला घालवली असती. चौकोन रिकामा ठेवणारी मुलगी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली."

मग त्यांनी तुला जे विचारलं होतं ते मला सांगितलं. उठवलं का नाहीस? तू म्हणालीस, आमच्या घरी झोपलेल्याला उठवत नाहीत.

भिंगरे, इथवर पत्र बरं चाललं होतं.

पुढचं सांगतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ती आणखी एक बोलली. हे माझ्या हातून दुसऱ्यांदा झालं, म्हणाली. पहिल्यांदा काय झालं होतं हो?"

मी म्हणालो, "काही कल्पना नाही."

तिथून उठून मी तुझ्या खोलीकडे आलो. समोरच्या औषधाच्या दुकानाजवळ उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावर तुझी खिडकी, गजाला धुतलेला गणवेश वाळत टाकलेला. जो परत घालायचा नाही तो गणवेश कुणी धुतं का, असा एक आशावादी विचार मनात आला. मग वाटलं, तू धुणारच. परत देताना स्वच्छ द्यावा म्हणून. एकदा तुझा हात दिसला, गणवेश उलटा करणारा. दुकानदारानं दोनदा विचारलं, काय हवंय. दुसऱ्या वेळी मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. तीन जिने होते. मी चढलो नाही. पाचच्या बसनं परत आलो. काल दिवसभर छापखान्यात एका पाकशास्त्राच्या पुस्तकाची मुद्रितं तपासली आणि दुसऱ्यांच्या चुका इतक्या तत्परतेनं काढल्या की मालक खूश झाले.

आता ते लिहितो.

झोपलेल्याला उठवू नये, हा आपल्या घरचा नियम नव्हता. तुझ्या आईच्या आजारपणाआधी कधीच नव्हता. आठव जरा: ती तुला शाळेसाठी पांघरूण ओढून उठवायची, मला तर थंड हात मानेला लावून. त्या घरात झोपलेला माणूस म्हणजे उठवण्याची वस्तू होती. नियम मी केला, त्या दुपारनंतर. पुढे एका संस्कृत वचनाचा टेकूही दिला, कारण संस्कृतात सांगितलं की लोक उलट विचारत नाहीत.

त्या दुपारी आईनं सकाळचं साखर उतरवणारं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं, आणि तापामुळे जेमतेम दोन घास खाल्ले होते. मी पुढच्या खोलीत एका फर्निचरवाल्याची किमतीची यादी तपासत होतो. सहा वाजता द्यायची होती. खुर्ची हात असलेली, खुर्ची हात नसलेली. तू अकरा वर्षांची होतीस. तीन वाजता दारात आलीस आणि म्हणालीस, "बाबा, आई घामानं भिजलीये. उठवू?" मी मान वर न करता म्हणालो, झोपू दे. चारला पुन्हा आलीस. ती कशीतरीच घोरतेय, म्हणालीस. मी म्हणालो, "रात्रभर जागी होती ती. अजिबात उठवायचं नाही."

रात्रभर जागी होती हे खरं. पण मी त्यासाठी म्हणालो नव्हतो. ती उठली की हाक मारणार, पाणी मागणार, काहीतरी खायला करायला सांगणार, आणि माझी यादी राहणार. तेवढंच. त्यात दया नव्हती, प्रेम नव्हतं, शास्त्र तर नव्हतंच. साडेपाचला यादी संपवून मी आत गेलो.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, अशी किती वेळ होती? मी म्हणालो, अर्धा तास झाला असेल. तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू वर माझ्याकडे पाहिलंस. मग खाली पाहिलंस. ती चार दिवस होती, पुन्हा उठली नाही.

लोक भेटायला आले तेव्हा मी त्यांना सांगत राहिलो, आमच्याकडे झोपलेल्याला उठवत नाहीत हो, तेच नडलं. मी जितक्यांदा ते म्हणालो तितक्यांदा ते थोडं जास्त खरं झालं. आमच्याकडे म्हणजे आम्ही सगळे, त्यात तूही आलीस. हे माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणार होतो. लक्षात आलं होतं. अंगावरचं ओझं वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं म्हणून बरं वाटलं होतं. अकरा वर्षांची मुलगी.

नंतरची आठ वर्षं तू माझ्या झोपेच्या वेळी पाय न वाजवता घरात वावरलीस. मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, बघा, केवढी समज आहे. आणि तोच माझा खोटा नियम इमानदारीनं पाळत तू त्या वॉर्डात गेलीस.

शिंपीआजोबांच्या बाबतीत तुझी चूक झाली. ती मी माझ्या नावावर करून घेऊ शकत नाही, आणि घेतली तरी तू देणार नाहीस. त्यांनी येऊ नकोस म्हटलं तरी तू कुणाला तरी विचारायला हवं होतंस. सिस्टर ओरडतील ते ऐकून घे. त्या ओरडतात ते कामाचं असतं. पण आईच्या बाबतीत तुझी चूक नव्हती. काडीचीही नाही. तू घाम ओळखलास, श्वास ओळखलास, दोनदा येऊन सांगितलंस. मोठ्या सिस्टरांनासुद्धा यापेक्षा जास्त काही करता आलं नसतं. त्यांना मी आज सकाळी वेगळं पत्र टाकलं आहे: पहिल्यांदा काय झालं होतं आणि कुणाच्या हातून, ते. 'कल्पना नाही' हे खोटं होतं, तेही.

सोमवारी जायचं की नाही, तुझं तू ठरव. नर्सिंग तुझ्यासाठी नसेल तर नसो. पण ज्या कारणानं तू ते सोडते आहेस त्यातलं निम्मं कारण माझं आहे. ते वजा करून मग ठरव, एवढीच विनंती. ही आज्ञा नाही. आज्ञा करायची माझी पत आता उरलेली नाही.

हे पत्र शनिवारी तुझ्या हाती पडेल. रविवारी सकाळच्या बसनं मी येतोय. या खेपेस जिने चढणार आहे.

चार दिवस मी स्वतःला सांगतोय की मला तुझ्या शाळेची काळजी आहे, तुझ्या जागेची, तुझ्या पुढच्या आयुष्याची. आहेच. पण रात्री डोळा लागत नाही तो त्यासाठी नाही. तुला ते सगळं पहिल्यापासून माहीत होतं का, आणि माहीत असून तू आठ वर्षं माझ्यासमोर जेवायला बसत होतीस का, हे मला तुला विचारायचं आहे आणि उत्तराची भीती वाटते. आणि त्याहून मोठी भीती ही की हे वाचल्यावर, मी दार वाजवल्यावर, तू आत असशील आणि उघडणार नाहीस.

तुझा
बाबा