एकविसावी थाळी

लातूर,
१७ जुलै २००९

प्रिय मकसूदभाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही आधी चष्मा शोधाल, मग बेगमबी अम्मांना हाक मारून सांगाल की बघा, महानंदेला वर्षानं आठवण झाली. खरं आहे, वर्ष झालं. गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही ऑफिसच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून नांदेडची गाडी धरलीत, तेव्हापासून मी कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर मला भांडता येतं, चूक कबूल करता येत नाही. म्हणून कागद घेतलाय. याआधी दोनदा लिहून फाडून टाकलं, कारण त्यात मी फारच शहाणी दिसत होते.

अब्बांच्या डोळ्यांचं कळलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी दुकानात येऊन बसतात आणि तुमच्या हाताखालची भांडी चाचपून चुका काढतात, असं व्यंकटी सांगत होता. तो पोरांच्या नावांच्या थाळ्या आणायला नांदेडला आला होता तेव्हा तुम्ही त्याला जेवू घातलंत, आणि माझी चौकशी मात्र केली नाहीत, हेही त्यानं सांगितलं. आपला शिपाई असला तरी व्यंकटी बातमीदार पक्का आहे. इकडे लातूर तुम्हाला ओळखू येणार नाही. आपल्या गल्लीत आणखी तीन क्लास निघाले. चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो एवढे मोठे लागलेत की मागचं दवाखान्याचं नाव झाकून गेलं, आणि पेशंट लोक क्लासच्या पायऱ्या चढून परत येतात. आपल्या वसतिगृहात या वर्षीची वीस पोरं आली आहेत. दहावीला चांगले मार्क, घरी काही नाही, दोन वर्षं इथं राहून बारावी आणि सीईटी करायची. सगळं तुम्ही घालून दिलं तसंच चालू आहे. म्हणजे मला तसं वाटत होतं.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते, पण कुठून येऊ कळत नाही. आपलं भांडण मुलं निवडायच्या त्या फॉर्मवरून झालं. घरोघरी जाऊन भरायचे चाळीस प्रश्न, प्रत्येकाला गुण. खुर्च्या आहेत का, पंखा आहे का, स्टीलची भांडी किती, पाहुण्याला चहा कशात दिला. गुण विसाच्या वर गेले की मूल बाद. तुम्ही म्हणालात, महानंदा, भांडी मोजू नको, भांड्यावरची नावं वाच. मला ते तेव्हा दुकानदारी शहाणपण वाटलं. तुमच्या घरात तीन पिढ्या लोकांच्या ताटवाट्यांवर नावं घालतात, म्हणून तुम्हाला सगळीकडे नावंच दिसतात, असं मी सगळ्या समितीसमोर बोलले. ते बोलायला नको होतं. अब्बा तुमच्याबरोबर भूकंपानंतर आमच्या गावी आले होते, ढिगाऱ्यातून निघालेली भांडी शाळेच्या व्हरांड्यात मांडून, झिजलेली अक्षरं बोटानं वाचून ज्याची त्याला देत होते. माझ्या आईचा तांब्या त्यांनीच माझ्या हातात दिला. ते विसरून मी तसं बोलले, भाई.

पण माझीही बाजू ऐका. भूकंपाच्या वर्षी मदतीच्या याद्या कशा झाल्या ते मी तेरा वर्षांची असताना पाहिलंय. ज्यानं यादीवाल्याला चहा पाजला त्याचं नाव वर. आमच्या चुलतीला यादीत यायला दोन महिने लागले, कारण तिला कुणाच्या पुढे पुढे करता येत नव्हतं. म्हणून मला फॉर्म आवडला. फॉर्म कुणाचा मेव्हणा नसतो. त्याला डोळे नसतील, पण आपल्या डोळ्यांना ओळखीपाळखी असतात, त्याचं काय? हे मला अजूनही खरं वाटतं. आणि तरीही या वर्षी जे झालं ते फॉर्ममुळेच झालं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, याच गुंत्यात मी आठ दिवस अडकले आहे.

मे महिन्यात मी निलंग्याच्या पुढच्या एका पुनर्वसित गावात गेले होते. एकाच दिवशी, एकाच ओळीतली दोन घरं. आधी शिल्पाचं. वडील शेषेराव, आई लक्ष्मीबाई, दीड एकर कोरडवाहू आणि बाकी मजुरी. पोरीला नववीला ब्याण्णव टक्के, दहावीचा निकाल लागायचा होता. गेल्या गेल्या मला निळ्या खुर्चीवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, चकचकीत ग्लासात पाणी, कपबशीत दुधाचा चहा, वर बिस्किटं. शिल्पानं गणित इतकं पटापट सोडवून दाखवलं की मी फॉर्म भरायचा विसरले. मग भरला, इमानदारीनं. चोवीस गुण. उठताना खुर्चीच्या मोडक्या हाताला बांधलेल्या तारेत माझा पदर अडकून फाटला, तर लक्ष्मीबाई सुईदोरा घेऊन धावली. तिथून तिसऱ्या घरी, सत्यमकडे. तिथं खुर्ची नाही, पंखा नाही. मला पोत्यावर बसवलं, पितळी फुलपात्रात पाणी दिलं. अकरा गुण. सत्यम आत, शिल्पा बाहेर. यादी लागली, व्यंकटीनं नावं तुमच्याकडे पोचवली, थाळ्या आल्या. माझ्या मनात काहीही आलं नाही.

गेल्या बुधवारी सत्यमच्या वडिलांची एक सही राहिली होती म्हणून पुन्हा त्या गावी गेले. या खेपेला त्यांनी मला खुर्ची दिली. बसले आणि पदर अडकला. तीच तार, तोच मोडका हात. समोर तोच पंखा. पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासारखा उलटा करून वाचला, तर त्यावर सत्यमच्या आजीचं नाव. मी विचारल्यावर सत्यमची आई हसायलाच लागली. म्हणाली, “त्या दिशी तुमी येनार म्हून खुर्च्या, पंखा, गिलास, समदं लक्ष्मीबाईकडं नेऊन दिलतं की. तिच्याकडं काय हाय? अन् तुमी तिथून उठून लगीच आमच्याकडं आलात. परत आनायला टाइमच घावला न्हाई. तुमाला पोत्यावर बसवलं, लई लाज वाटली बघा, बाई.” तिच्या मनात काही काळंबेरं असतं तर बरं झालं असतं. पण नव्हतं हो. शेजारणीची अब्रू राखायला तिनं घर रिकामं केलं होतं, आणि त्या रिकाम्या घराला मी अकरा गुण देऊन आले होते.

तशीच उठून लक्ष्मीबाईकडे गेले. घरात दोन पोती, एक चूल, दांडीवर चार कपडे. शिल्पा सोयाबीन खुरपायला गेली होती. मी लक्ष्मीबाईला विचारलं, जरा चिडूनच विचारलं, की आहे तसं का दाखवलं नाही? ती म्हणाली, “बाई, पावना दारात आल्यावर त्याला भुईवर बसवून पोरीचं भलं मागावं व्हय? आमाला न्हाई जमत तसलं.” त्यात तक्रार नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे दुसऱ्या कुणाची पोरगी जास्त हुशार असेल, असं तिनं मनाशी धरून टाकलं होतं. निघताना शेषेराव वेशीपर्यंत आले. भोकरकडचं एक स्थळ सांगून आलंय, दिवाळीनंतर बघू म्हणतात. पोरीला अजून सोळा पुरी नाहीत. मी बोलायला लागले तर म्हणाले, “शिकायचं झालं असतं तर आमी थांबलोच असतो की. आता कशावर थांबायचं?” एसटीत बसून निलंग्यापर्यंत रडले. शेजारच्या आजीबाईनं न विचारता पेरू दिला, तोही खाल्ला.

आता माझी अडचण बघा. सोमवारी समितीची बैठक आहे. जागा वीसच. शिल्पाला घ्या म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग सत्यमचे खरे गुण किती? मी मनातल्या मनात मोजलेत. बावीस होतात. म्हणजे खरं सांगावं तर सत्यम जातो, आणि गप्प बसावं तर शिल्पा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा असणारं घर काही श्रीमंत नाही, हे मला कळतं, पण फॉर्मला कळत नाही, आणि त्या फॉर्मसाठी मीच तुमच्याशी भांडले. पोरगा रोज पहाटे उठून इतरांच्या आधी नळावर नंबर लावतो. आईला पोस्टकार्ड टाकतो. त्याच्या आईनं चांगुलपणा केला म्हणून त्याला घरी पाठवायचं? आणि तिच्याच चांगुलपणानं शिल्पाची जागा गेली, तिचं काय? आता तर गेल्या दोन वर्षांतलं एकेक घर आठवतं आणि वाटतं, ती खुर्ची कुणाची होती? तो ग्लास कुणाचा होता? जिथं पोत्यावर बसले, तिथलं सामान त्या दिवशी कुणाच्या घरी गेलं होतं? डोकं चालेनासं होतं. व्यंकटी म्हणतो, मॅडम, तुम्ही जेवता जेवता ताट उलटं करून बघता, बरं दिसत नाही.

एकविसावं मूल कधी घेतलं होतं का, हे बघायला मी काल जुनी कपाटं उपसली. तसा दाखला मिळाला नाही. पण पंचाण्णव सालच्या गठ्ठ्यात तुमच्या हातचा एक कागद मिळाला. तेव्हा फॉर्म नव्हता, वहीचं फाडलेलं पान असायचं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही आलात तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही कॉलेजातले, दाढी नीट न फुटलेले, आणि मी पंधरा वर्षांची. चुलतीनं कुठून कुठून खुर्ची, ग्लास, चादर गोळा करून शेड सजवली होती. पुढे मरेपर्यंत ती गावात सांगायची की आमची खुर्ची बघून साहेब खूश झाले, म्हणून आमच्या महानंदेचा नंबर लागला. मीही हसून सोडून द्यायचे. मनात मात्र पक्कं होतं की माझी निवड मी पाढे घडाघडा म्हटले म्हणून झाली. कागदावर तुम्ही लिहिलंय: ‘खुर्ची शेजारची. तीन ग्लासांवर तीन नावं. तांब्या तेवढा घरचा, आईच्या नावाचा, तो मुलीनं हातातून सोडला नाही. घ्यावी.’ पाढ्यांचं एक अक्षर नाही. चौदा वर्षं तुम्ही हे कुणाला बोलला नाहीत, मला तर नाहीच. त्या भांडणातही बोलला नाहीत. त्या दिवशी एवढं जरी म्हणाला असतात की महानंदा, तूसुद्धा तुझ्या फॉर्ममध्ये बाद झाली असतीस, तर मी तिथंच खाली बसले असते.

म्हणून हे पत्र. सोमवारी मी समितीपुढे सत्यमचा किंवा शिल्पाचा फॉर्म ठेवणार नाही, माझा कागद ठेवणार आहे. पुढं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, आणि त्यांनी नाही म्हटलं तर काय करायचं तेही नाही. तुमच्याकडून मला सल्ला नको, एक काम हवंय. दरवर्षी वीस नावांच्या थाळ्यांबरोबर तुम्ही एक कोरी पाठवता. आम्ही तिला दुकानानं वर फुकट दिलेली समजून तिच्यात चहाचे कप ठेवत आलो. ती घासून या पत्रासोबत व्यंकटीच्या हाती देते आहे. तिच्यावर शिल्पाचं नाव घाला. मंजुरी आलेली नाही, पण एकदा घातलेलं नाव पुसता येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. व्यंकटी उद्या सकाळच्या गाडीनं परत निघेल. तो रिकाम्या हातानं येऊ नये, आणि जमलं तर एकटाही येऊ नये.

तुमचीच,
शेजारच्या खुर्चीवाली महानंदा