रताळ्यांच्या पिशवीएवढी मेरेआना

प्रिय ताई,

नेल्सनहून, आपल्या रीतीप्रमाणे नमस्कार म्हणून, तुझ्या नाकाला नाक लावतो. फोनवर बोलायची लाज वाटली, म्हणून हे पत्र.

मी खुशाल आहे, जेवतो वेळेवर. काल एका वेका पक्ष्याने माझं सँडविच पळवलं, पण ते राहू दे.

जंगलातल्या वाटांवर मेरेआनाला सायकलवर पुढ्यात बसवायचं म्हणून तू मला सीट निवडायला सांगितलंस. मी ऐटीत पट्ट्यांची, पाठ टेकायची सीट काढली. माझ्या अंदाजाने भाचीच्या वजनाची रताळ्यांची पिशवी तीत बांधली आणि चढावर फिरून आलो. सायकलींच्या दुकानाच्या मालकीण हूरिया मावशी हसल्या.

“भाची कडेवर मावते का रे अजून?”

“मावते की.”

“शेवटचं कधी घेतलं होतंस?”

मी बोटांवर महिने मोजू लागलो. तेवढ्यात तू पाठवलेला फोटो आला. पोरगी बिनपायडलच्या सायकलवरून उतारावर सुटलीय, दोन्ही पाय वर. त्या सीटमध्ये तिचे गुडघे हनुवटीला लागले असते. मामा म्हणवतो आणि मनात तिला अजून तान्हीच धरून बसलोय. मावशींनी रताळी उकडून सगळ्यांना वाढली. मी ती सीट परत जागेवर ठेवून दिली.

आता पुढच्या दांड्यावर टांग टाकून बसायचं छोटं खोगीर घेतलंय. पावलं टेकवायचे आधार तिच्या पायांच्या मापाने लावावे लागतात. ते माप कळवू नकोस, मी येऊनच घेतो.

आईचा खोकला थांबला का? आणि मेरेआनाला माझा फोटो दाखवून ठेव. तिने दारातच “हा कोण?” विचारलं, तर मी काय सांगू?

तुझा लाजलेला भाऊ,
तामाती