गुदमरण्यावर उपाय: फ्युएल इंजेक्शन

१ फेब्रुवारी

बायको आज मुलीकडे राहायला गेली. दोन बॅगा आणि शिवणयंत्र. थोड्या दिवसांसाठी शिवणयंत्र कशाला, असं विचारणार होतो, पण हाताला काहीतरी विरंगुळा हवा, हे माझं मीच समजून घेतलं. दारात थांबून म्हणाली, या घरात मला गुदमरायला होतं. पुढेही काहीतरी सांगत होती, पण मुद्दा लगेच लक्षात आल्यामुळे तिचं वाक्य मीच पूर्ण केलं. पेट्रोलचा वास.

गॅरेजच्या बरोबर वर आमची बेडरूम. खाली माझी दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. लग्नाआधीपासूनची. दोन्ही कार्ब्युरेटर गळके, त्यामुळे वास येतोच. इतकी वर्षं ही बाई निमूट सोसत राहिली. फार वाईट वाटलं.

निर्णय: कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं. त्यात सगळं बंदिस्त असतं, वासाचा प्रश्नच मिटतो. महिनाअखेर गाडी तयार. मग त्याच गाडीतून हिला घरी आणायचं.

२ फेब्रुवारी, सकाळ

चहा स्वतः केला. साखर सापडली नाही. तब्येतीला चांगलंच.

५ फेब्रुवारी

कार्ब्युरेटर उतरवले. वर्तमानपत्र अंथरून डायनिंग टेबलवर ठेवले. एका माणसाला एवढं टेबल लागत नाही.

मी नोकरीभर विमा कंपनीचा सर्व्हेयर. ठोकलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारली की सांगायचो, दुरुस्त होईल की टोटल लॉस. माझा अंदाज कधी चुकला नाही. घरच्या प्रकरणाचाही आज शांतपणे सर्व्हे केला. डॅमेज किरकोळ. एक पार्ट बदलला की काम झालं.

संध्याकाळी हिला फोन. कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन यांतला फरक नीट समजावून सांगितला. कार्ब्युरेटर म्हणजे अंदाजपंचे पेट्रोल ओतणारा, इंजेक्शन म्हणजे मोजूनमापून देणारा. मध्येच ती म्हणाली, अहो, मला जरा बोलायचंय. म्हटलं बोल ना, आणि थ्रॉटल बॉडीचं तेवढं राहिलं होतं ते सांगून टाकलं. मग मुलीनं हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला. आमच्यात एवढ्या मोकळेपणानं बोलणं बऱ्याच वर्षांनी झालं.

११ फेब्रुवारी

ऑटो इलेक्ट्रिशियन येऊन गाडी बघून गेला. सगळे त्याला ठिणगी म्हणतात. जिथे हात लावतो तिथे एक तरी उडते, म्हणून. पण इंजेक्शनचं काम करणारा जवळपास तोच एक आहे. बॉनेट उघडून म्हणाला, साहेब, होऊन जाईल. मग म्हणाला, पण गाडी चांगली चालत होती ना, हा उद्योग कशाला? म्हटलं, मिसेसना वासाचा त्रास होतो. तर म्हणाला, मग विकून टाका. काही लोकांना भावनाच नसतात.

जाताना म्हणाला, वहिनी दिसत नाहीत. म्हटलं, मुलीकडे गेलीये मदतीला. कसली मदत, ते चटकन सुचेना. शिवणाची, म्हणालो. मुलगी बँकेत आहे, पण ते त्याला कुठे माहीत?

१९ फेब्रुवारी

पार्ट्स आले. पंप, इंजेक्टर, सेन्सर, वायरींचं जंजाळ आणि एक छोटा कॉम्प्युटर. ठिणगी त्याला मेंदू म्हणतो. इंजिनाला एक दातेरी चकती बसवायची असते. तिचा एक दात मुद्दाम काढलेला. त्या रिकाम्या जागेवरून मेंदूला कळतं की इंजिन आत्ता नेमकं कुठे आहे. हुशार यंत्र आहे.

ठिणगीनं सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या. दिवसभर स्टार्टर मारला, गाडी नुसती खोकली. तरी प्रगती समाधानकारक.

घरात मोजे धुवायचे राहिलेत. उद्यापासून शिस्त.

२८ फेब्रुवारी

महिनाअखेर. गाडी तयार नाही. पण फेब्रुवारी हा मुळात धड महिनाच नाही. हे मी सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवं होतं. नवी तारीख: मार्चअखेर.

हिचा फोन नाही. कामात असेल. मीही कामात आहे. दोघंही कामात असलं की नातं ताजं राहतं, असं कुठेतरी वाचलंय. निदान वाचल्यासारखं वाटतंय.

६ मार्च

आजचा दिवस विसरण्यासारखा, पण शिस्त म्हणून लिहितो.

नवा पंप चालू करून बघितला. इंजेक्शनचा पंप फार दाबानं पेट्रोल ढकलतो, म्हणून मागून पुढपर्यंत सगळी नळी नवी घातली होती. मध्ये एक वीतभर जुना रबराचा तुकडा ठेवला होता, कारण तो चांगला दिसत होता. पंप सुरू होताच तो निसटला आणि गॅरेजभर पेट्रोल. मी आणि ठिणगी दोघं चिंब. ठिणगी आयुष्यात पहिल्यांदा वायरीला हात न लावता पळाला. वास जिन्यावरून वर, बेडरूममध्ये, हॉलमध्ये, पडद्यांत.

आणि नेमकी तेव्हाच मुलगी आली. आईचे कपडे न्यायला. दारातच नाकाला ओढणी लावून उभी. म्हटलं, बघ, हाच तो वास, ज्यामुळे तुझी आई गुदमरते. ती म्हणाली, बाबा, आई पेट्रोलबद्दल बोलतच नव्हती. मग कशाबद्दल, असं विचारलं. तर म्हणाली, हे तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?

मुलीला टेक्निकल गोष्टींत पहिल्यापासून गती नाही.

कपाट रिकामं करून गेली. उन्हाळ्याचे कपडे नेले, ते समजू शकतो. थंडीचेही नेले. हँगर तेवढे राहिले. खिडकी उघडी ठेवल्यामुळे ते वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते. त्या खोलीत झोपवेना. वासामुळे. हॉलमधल्या सोफ्यावर झोपणार आहे.

१५ मार्च

मुलीच्या बोलण्यात तथ्य नाही, पण सर्व्हेयरनं दुसरी बाजूही ऐकायची असते. म्हणून आज हिला फोन करून सरळ विचारलं, तुला नक्की कशानं गुदमरायला होतं? तिला उत्तर सोपं जावं म्हणून मी तीन पर्याय दिले. पेट्रोल, धूर की ओल? ती हसली. फार दिवसांनी हसली, पण ऐकून बरं नाही वाटलं. म्हणाली, अहो, राहू दे.

मग म्हणाली, मुलीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्यात. दुकानाच्या वर. पडद्यांच्या ऑर्डरी घेते आता. विचारलं, हवा खेळती आहे का? म्हणाली, खिडक्या मोठ्या आहेत.

म्हणजे माझं निदान बरोबरच होतं. प्रश्न हवेचाच होता.

दोन खोल्या तात्पुरत्याच घेतल्या असणार. ऑर्डरी संपल्या की सोडेल. पडदे काय, माणसं एकदाच शिवून घेतात.

२६ मार्च

एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवला. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती हवा उरली आहे हे तो मेंदूला सतत सांगत राहतो, आणि मेंदू त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. ठिणगी म्हणाला, साहेब, जुन्या गाडीचा प्रॉब्लेम काय, तर ती कुणाचं ऐकत नव्हती. आता ऐकेल. म्हटलं, तू वायरी बघ.

जेवायला ब्रेड. काल पण ब्रेड. ब्रेड संपला की नवा आणतो, त्यामुळे खाणं ताजं आहे.

२ एप्रिल, सकाळी

सुरू झाली!

किल्ली एकदा फिरवली आणि सुरू! चोक ओढणं नाही, पेडल मारणं नाही, शिव्या नाहीत. आवाज तर असा की बस्स. मी गॅरेजमधूनच ओरडलो, अगं, ऐक, ऐक! जिन्याच्या तीन पायऱ्या चढून गेलो आणि मग लक्षात आलं.

परत खाली येऊन गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा एका झटक्यात सुरू झाली. सीटवर बसून रडू आलं. एक्झॉस्टमधून धूर अजिबात येत नाही, त्यामुळे दुसरं कारणही देता येत नाही.

१२ एप्रिल

लॅपटॉप जोडून ट्यूनिंग पूर्ण. ठिणगी म्हणाला, आता वहिनींना आणा. शेजारीपाजारी चौकशी केली असणार त्यानं, कारण बोलताना बूट बघत होता. पैसे घेतले आणि वर चहाही नको म्हणाला.

हिला फोन केला. म्हणाली, रविवारी येते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली! ‘येईन, बघू’ नाही, ‘येते’. या दोन शब्दांत फरक आहे. मी अहवाल लिहिण्यात आयुष्य घालवलंय, मला शब्दांतला फरक कळतो.

प्लॅन: डायनिंग टेबल घासणे. पडदे धुणे. कपाट पुसणे. साखर शोधणे. ती बोलेल तेव्हा मध्ये न बोलणे. हे शेवटचं दोनदा अधोरेखित करत आहे.

१७ एप्रिल

टेबलावरचा पेट्रोलचा डाग जात नाही. टेबलक्लॉथ घातला. साखर वरच्या फळीवर निघाली, मी नेहमी ज्या डब्यात शोधतो त्याच्या शेजारच्या डब्यात. बेडरूममध्ये नाक लावून लावून वास घेतला. काही नाही. उद्या नवा शर्ट.

१८ एप्रिल, रविवार

ती आली. उरलेल्या वस्तू न्यायला आली होती. धाग्यांचा डबा, आरसा, खिडकीतली कुंडी.

खुर्चीच्या काठावर बसून चहा घेतला. चहा बरा झालाय म्हणाली. घरभर एकदा बघितलं आणि पडदे धुतलेत वाटतं, एवढंच म्हणाली. मी काही बोललो नाही. ठरवलं होतं ना.

तिनं बोलावलेली टॅक्सी आलीच नाही. मग तीच म्हणाली, अहो, सोडाल का मला?

आरसा आणि धाग्यांचा डबा सीटच्या मागे ठेवला, कुंडी तिच्या पायांशी. किल्ली फिरवली, सुरू. तिनं माझ्याकडे बघितलं. मला एरवी केवढा अभिमान वाटला असता.

गावाबाहेरच्या चढावर आमची गाडी न थांबता कधी गेली नव्हती. इंजिन तापलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायचं आणि ती बंद पडायची. मग बॉनेट उघडून, गार होईपर्यंत कठड्यावर बसायचं. तोवर मला करण्यासारखं काहीच नसायचं. मुलीच्या वेळी दिवस गेल्याचं हिनं मला तिथेच सांगितलं. हिची आई गेल्यावर ही तिथेच काय काय बोलत राहिली होती, आणि मी सगळं ऐकलं होतं. मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं की चढावर थांबलो की तिला नक्की कशानं गुदमरतं ते पुन्हा विचारायचं, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं.

चढ आला. तिनं मांडीवरची पर्स उचलून बाजूला ठेवली. उतरायच्या तयारीनं. मी बघितलं.

गाडी थांबली नाही. मी पाय जरा उचलून बघितला, गिअर चुकीचा टाकून बघितला. मेंदूनं सगळं सांभाळून घेतलं. कठडा डावीकडून मागे गेला. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पर्स परत मांडीवर घेतली.

तिच्या दारात गाडी लावली तेव्हा म्हणाली, पोचलो पण?

आरसा वर नेऊन दिला. खिडक्या खरंच मोठ्या आहेत. शिवणयंत्र उजेडात मांडलंय, त्यावर कुणाचातरी निळा पडदा अर्धा शिवलेला. म्हणाली, गाडी छान झाली, वास अजिबात येत नाही. म्हटलं, हो. चढावर मुद्दाम गाडी थांबवूनही विचारता आलं असतं. तिथे गाडी बंद पडायची गरज नव्हती, हे मला परतीच्या वाटेवर सुचलं. जपून जा, म्हणाली होती. जपूनच आलो.

पूर्वी किल्ली काढली तरी इंजिन थोडा वेळ गुरगुरत राहायचं. आता लगेच बंद होतं. गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होतो. गाडीचं काही काम उरलेलं नाही.

उद्याचा प्लॅन: नाही.