हळद्याची सोय आणि मेथीची खरी हकीकत

मी, भोजराज दशरथ लांजेवार, वय सदुसष्ट, उकव्याच्या मँगनीज खाणीतला निवृत्त फिटर, राहणार बालाघाट, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. सकाळपासून चार वेळा खुर्चीवरून उठलो, म्हणून अक्षर जागोजागी बदललेले दिसेल. हात माझाच आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मी स्वकष्टाने बांधले. आम्हाला मूलबाळ नाही. माझी दिवंगत पत्नी अंजना आजारी असताना तिच्या बहिणीचा मुलगा रजत दोन महिने तिच्या उशाशी बसला. घर त्याचे. न्हाणीघराचा नळ गळतो, तो त्याने आधी बदलावा.

२. फिटरचे सामान, म्हणजे व्हाइस, पाने, हातड्रिल, हेही रजतला. दर महिन्याला तेल न देता गंजू दिले तर त्याला ते शोभणार नाही.

३. रामपायलीच्या धानाच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ राजेंद्र याला. कसतो तोच.

४. हळद्या. हा आफ्रिकेतला मायर जातीचा पोपट. मुठीएवढा, राखी-तपकिरी, पोट निळसर हिरवे, खांद्यावर हळदीचे बोट पुसल्यासारखा पिवळा. नागपूरला पिंजऱ्यातच जन्मला. वनखात्याकडची नोंद लोखंडी पेटीत आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बोलते का?" नाही बोलत. बारीक शीळ घालतो आणि खिशात डोके खुपसून बसतो. वय अकरा, अजून पंधरा-वीस वर्षे जगेल, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. मी दोन दिवस दवाखान्यात होतो तर त्याने छातीची पिसे उपटली. त्याला एकटे ठेवू नये.

हळद्या मी राजेंद्रला देतो. का, ते पुढे.

५. हळद्याची जोडीदार होती मेथी. अंजना तिला गालाशी धरून भाजी निवडायची. नऊ वर्षांपूर्वी दिवाळीला राजेंद्र आमच्याकडे आला होता. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मेथी खिडकीतून उडाली. अंजना पिंजऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "दार कोणी उघडं ठेवलं?" मी म्हणालो, "राजेंद्र पाणी ठेवाले गेलता."

राजेंद्र पिंजऱ्याजवळ गेलाच नव्हता. पिंजरा मी साफ केला, कडी लावायची मीच विसरलो. कडीही मीच घडवलेली. अंजना त्याला नाही नाही ते बोलली. तो न जेवता निघून गेला. सगळ्या नातेवाइकांत त्याचे नाव खराब झाले. त्याच्या मुलीच्या, म्हणजे माझी सख्खी पुतणी समीक्षा हिच्या लग्नाला मी गेलो नाही. अंजना गेली तेव्हा राजेंद्र स्मशानात लांब उभा होता. मी हाक मारली नाही.

हे कलम माझ्या तेरवीला सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

(वरची ओळ मी आज, रविवारी, खोडली आहे. कारण असे.)

काल, शनिवारी, इथवर लिहून झाले तेव्हा शेजारच्या संघमित्राबाई साक्षीदार म्हणून आल्या. वाचून म्हणाल्या, "भाऊ, तुमी नसल्यावर राजेंद्रभाऊ रागावतील कोणावर? आजच काहून नाही जात?"

दुपारच्या बसने पिंजरा मांडीवर घेऊन रामपायलीला गेलो. बाई सोबत होत्या. राजेंद्र अंगणात होता, समीक्षा माहेरी आलेली. मी उभ्यानेच कागद वाचला.

राजेंद्र म्हणाला, "वहिनी मले खोटारडा समजूनच गेली."

"हौ."

"तुले कवा समजलं?"

"त्याच दिवशी."

तो उठून गोठ्यात गेला. मी अंगणात येरझारा घालत राहिलो; बसायला कोणी सांगितले नाही. बऱ्याच वेळाने तो आला. मी म्हणालो, "मले माफ कर." तो पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाला, "हे मी नाही ठेवत. उद्या याले काही झालं त पुन्हा माह्यंच नाव."

समीक्षा म्हणाली, "बाबा, त्याच्या छातीवर पिसं नाही राह्यले. कुठं जाईल तो?"

राजेंद्र पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिहून दे त. तसंच लिहून दे."

म्हणून कलम चारला ही अट जोडतो: हळद्या राजेंद्रकडे राहील. पक्षी मेला, उडाला, कोणाच्याही हातून सुटला, तरी राजेंद्रला कोणी, कधी, काही विचारायचे नाही. माझ्या माघारी नाही आणि मी ऑपरेशनमधून परतलो तर मीही नाही.

हे दोघा साक्षीदारांसमोर वाचून सही करतो.

भोजराज दशरथ लांजेवार

आमच्यादेखत सही झाली:
१. संघमित्रा रामटेके, शिक्षिका, शेजारीण
२. प्रेमलाल कटरे, खाणीतला सोबती

बालाघाट, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५