गुडघ्यातली दोरी

बाबा,

तुम्ही एक अख्खा दिवस स्वतःचा धडधाकट पाय तुरीच्या वाळक्या तुराट्यांनी बांधून घेतला होता, ही गोष्ट मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नाही. ऐकणाऱ्याला ती खुळेपणाची वाटली असती, आणि तुमच्यावर कुणी हसलेलं मला चाललं नसतं. आज लिहायला बसले आहे ती त्याच दिवसाबद्दल, आणि माझ्या गुडघ्याबद्दल.

त्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून सुट्टीला वडनेरला आले होते. मास्तरीण होण्याचं शिक्षण निम्मं झालं होतं. शेतातून परतताना बैल बुजले, गाडी कलली आणि मी उडी मारली. काळ्या मातीला चैत्रात केवढाल्या भेगा पडतात! पाऊल त्या भेगेत अडकलं आणि अंग तसंच पुढे फिरलं. गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला, तो गाडीवरून तुम्हीही ऐकलात. आंबेहळदीचे लेप लावून महिनाभरात सूज उतरली. मी चालू लागले, पण पाय माझा राहिला नव्हता. वळताना मांडी एकीकडे जायची, नडगी दुसरीकडे, आणि मी खाली. अमरावतीला सरावाच्या पाठाच्या वेळी फळ्याकडून पोरींकडे वळले आणि त्यांच्यासमोर आडवी झाले. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मला घरी पाठवलं. पाय नीट झाल्याशिवाय परत यायचं नाही, असं सांगून.

मग तुम्ही मला नांदुऱ्याहून आगगाडीनं नागपूरला नेलंत. तिथले सर्जन विलायतेत शिकून आलेले, पण मराठीत सावकाश बोलणारे. त्यांनी माझी नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढली, आणि ती खरंच पुढे सरकली. तुम्ही मान फिरवलीत.

"गुडघ्याच्या आत एक दोरी असते," ते म्हणाले. "दोन हाडांना ती जागेवर धरते. हिची तुटली आहे. लगेच आला असता तर टोकं शिवून पाहिली असती. आता ती आखडली, टाका धरणार नाही."

"मंग आता?" तुम्ही विचारलंत.

लोखंडी सळ्यांचा चामडी पट्टा जन्मभर बांधायचा, हा एक मार्ग. त्यात चिरफाड नव्हती, पण दोरीही नव्हती. दुसरा, दोन्ही हाडं एकमेकांना जुळवून सांधा कायमचा बंद करायचा. पाय काठीसारखा सरळ राहील, पण कधी दगा देणार नाही. तिसरा नवा होता. मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी काढायची, हाडांना भोकं पाडून ती आरपार ओवायची आणि तिचीच दोरी करायची. हे काम आपण थोड्याच लोकांवर केलं आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. पू झाला तर पाय जाईल, कदाचित जीवही. पू थांबवणारी आजची औषधं तेव्हा कुठे होती!

"खात्रीचं हवं असेल तर सांधा बंद करा," ते म्हणाले. "घरी जाऊन विचार करा."

घरी आईनं ऐकलं आणि ती पट्ट्यावर अडून बसली. "चालत्या-बोलत्या पोरीले सुरी काऊन लावायची?" तुमचा कल मात्र सर्जनांसारखाच सांधा बंद करण्याकडे होता. ते मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात बसलेले आहात. उजव्या पायाला दोन्ही बाजूंनी तुराट्या लावून सुतळीनं आवळून बांधता आहात. आई विचारते, "हे काय करून राह्यले?" तुम्ही सुतळीची गाठ मारता. तशाच ताठ पायानं गोठ्यात जाता. गाडीवर चढता येत नाही म्हणून शेतात पायी जाता. दुपारी जेवायला बसताना भिंतीला धरून खाली घसरता, पाय ताटाच्या पलीकडे जातो, आणि भाकरीपर्यंत हात पोचवायला तुम्हाला वाकडं व्हावं लागतं. परसाकडे जाऊन आलात तेव्हा तुमचा चेहरा लाल झाला होता. संध्याकाळी सुतळी सोडलीत आणि गुडघा चोळत माझ्याजवळ बसलात.

"मी सांगणार नाई," तुम्ही म्हणालात. "पाय तुहा हाय. तू सांग."

मी दिवसभर तुमच्याकडे पाहत होते, आणि माझं ठरलं होतं. "बाबा, पहिले दोरी घालू द्या. ती तुटली तर सांधा बंद करायचा रस्ता राहतेच. पण सांधा बंद केल्यावर माघारी येता येत नाई."

"अन् पू झाला तर?"

"झाला तर झाला. मले वर्गात उभं राहायचं हाय, अन् घरी खाली बसायचंही हाय. दोन्ही पाह्यजे."

आई चुलीपुढून उठून आत गेली. तुम्ही सोडलेली सुतळी गुंडाळून ठेवलीत. मग म्हणालात, "हाव. जाऊ."

शस्त्रक्रियेनंतर ताप चढला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही काही न खाता बसून होता, असं नर्सनं मला मागून सांगितलं. ताप उतरला. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी वाळून काठी झाली होती आणि गुडघा जेमतेम हलत होता. सर्जन म्हणाले, आता पुढचं काम हिचं. ते काम आपण दोघांनी केलं. बाजेच्या कडेवर मला बसवून तुम्ही घोट्याला सरकीची पिशवी टांगायचात आणि दर आठवड्याला तिच्यात ओंजळभर सरकी वाढवायचात. मी ओरडायचे, तुम्हाला नाही नाही ते बोलायचे. "बोल, बोल," तुम्ही म्हणायचात, "पण पाय खाली सोड." पुढच्या उन्हाळ्याच्या आत मी मांडी घालून आईच्या शेजारी जेवायला बसले. आईनं वाढता वाढता पदर डोळ्यांना लावला आणि भाजी तिखट झाली म्हणाली.

मी शिक्षण पुरं केलं. जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत लागले आणि केस पांढरे होईपर्यंत उभी राहून शिकवलं. तुम्ही त्यातली पहिली काही वर्षंच पाहिलीत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहिते. सुट्टीत आले की तुम्ही विचारायचात, "आता पक्का हाय नं?" आणि मी "हाव" म्हणायचे. तो पक्का कधीच झाला नाही, बाबा. उतारावर अजूनही आत काहीतरी सरकतं. मी क्षणभर थांबते, पाऊल पुन्हा नीट टेकवते आणि खाली उतरते.