वस्तादानं राखलेला डाव

आषाढ शु. १०, शके १८३०
शेठजींनी एकदाचा होकार दिला. छापखान्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या हाताखाली एक नवा द्यायचा. जुन्यानं त्याला तयार होईपर्यंत सांभाळायचं, शिकवायचं, चुकला तर कान धरायचा. जुनी माणसं थकत चालली, त्यांच्याबरोबर हातातलं कामही जाईल, ही कारभारी म्हणून माझी कधीची धास्ती. घोडं अडलं होतं नावापाशी. मी म्हटलं, या कुस्तीच्या गावात शिकवणाऱ्याला एकच शब्द आहे, वस्ताद. शिकणारा तो पठ्ठा. शेठ खूश. मीही स्वतःवर खूश, खोटं कशाला लिहू.

आषाढ व. २
जोड्या लावल्या. शिळाछापाच्या दगडावर म्हातारा दस्तगीर आणि उचगावचा गणू. गणू दोन लेकरांचा बाप, वीटभट्टीवरून आलेला, हात जड. द.नं त्याला वरून खाली न्याहाळलं आणि आधी नारळ आणायला लावला. नारळ फुटल्यावरच दगडाला हात लावू दिला. ते बघून बाकीच्या वस्तादांनीही नारळ मागितले! द. दिवसभर छाती काढून हिंडत होता. महाराजांच्या तालमीतले वस्तादसुद्धा इतक्या तोऱ्यात नसतील.

आषाढ व. ११
गणू बरा निघाला. दगड घासणं, शाईचा रूळ फिरवणं, कागद लावणं, सगळं हाताखालून गेलं. एकच गोष्ट खटकते. दगडावर अक्षरं धरून राहावीत म्हणून डिंक-तेजाबाचं पाणी फिरवतात. ते कालवायची वेळ आली की द. गणूला हटकून विहिरीवर पिटाळतो. योगायोग असेल.

श्रावण शु. ६
फजिती. द. तापानं घरी, आणि पेठ वडगावच्या व्यापाऱ्याच्या जाहिराती आजच हव्या. गणूनं आपल्या मनानं पाणी कालवलं. तेजाब जास्त पडलं, निम्मी अक्षरं खाऊन टाकली. शेठ सगळ्यांदेखत मला बोलले. गणू मोरीपाशी हात धूत बसला होता. स्वच्छ झाले तरी धूतच होता.
संध्याकाळी द.च्या घरी गेलो, रागानंच. एवढं एकच का शिकवलं नाही म्हणून विचारलं. तो पांघरुणातून उठून बसला.
"वस्ताद म्हणालासा न्हवं? मग वस्ताद एक डाव राखतोच की. उद्या पठ्ठा माझ्यावरच उलटला तर कशानं पाडू त्येला?"
वस्ताद हा शब्द माझाच.

श्रावण शु. ९
त्याचं चुकलं कुठं? डोक्यातून जात नाही. आज पुन्हा गेलो. ताप उतरलाय. म्हटलं, पठ्ठा तयार झाला म्हणून वस्तादाला कुणी घरी बसवणार नाही, माझा शब्द. त्यानं विचारलं, "तुमचा का शेठचा?" म्हटलं, माझा. त्यानं पांघरुणाची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाला, बरं.

श्रावण व. १
आज गणू विहिरीवर गेला नाही. द.नं त्याला शेजारी बसवून पाणी कालवलं. थेंब दगडाच्या कडेला टाकून फेस किती यायला हवा ते दाखवलं. मग गणूकडून करवून घेतलं, चुकलं की पाठीत धपाटा. मी दारात उभा राहून बघत होतो. फार दिवसांनी वाटलं की आपल्या हातून काही बरं झालं.

श्रावण व. ७
शेठनी बोलावलं. गणू एकट्यानं दगड चालवतो का? म्हटलं, जवळजवळ. तर म्हणाले, मग एका दगडाला दोन माणसं कशाला? म्हातारा ज्या दिवशी पठ्ठ्याला तयार झाला म्हणून फेटा बांधेल त्या दिवसापासून त्याला सुटी. म्हटलं, मी त्याला शब्द दिलाय.
"तुम्ही कोण शब्द देणारे?"
खरंच, मी कोण. द.नं नेमकं हेच विचारलं होतं.

श्रावण व. ११
द.नं फेट्याचं कापड घेतलं. परवा गणूला बांधणार. अर्ध्या गल्लीला सांगून झालं, शेठलाही स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. शेठ हसून येतो म्हणाले. मला जेवण गेलं नाही. ही म्हणाली, तुम्ही नाही सांगितलं तर शेठ सांगतील, ते जास्त वाईट.

श्रावण व. १२
सांगितलं. द. दगड पुसत होता, तो पुसतच राहिला. गणूला ठाऊक आहे का एवढंच विचारलं. नाही म्हटलं. त्याला सांगू नका म्हणाला, नाहीतर फेटा घ्यायचा नाही तो. मी सुचवलं, पुढं ढकलू या, अजून कच्चा आहे म्हणू, शेठला काय कळतंय. तेव्हा मात्र भडकला.
"तयार झाल्याला कच्चा म्हणू व्हय? मग मी कशाचा वस्ताद?"
थोड्या वेळानं फेटा आणून माझ्या मेजावर ठेवला. आवाज उतरला होता. "शब्द तुमचा हाय, रावसाहेब. उद्या ह्यो शेठसमोर तुमीच माज्या हातात द्या. द्यायचा का न्हाय, त्ये तुमी बघा."

श्रावण व. १३, सकाळ
शेठचा टांगा आला. गणू धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही लेकरं घेऊन उचगावहून आलाय. सगळे दगडाभोवती उभे आहेत. शेठशी बोलायला काल संध्याकाळी गेलो होतो, भेटले नाहीत. खरं म्हणजे फाटकातूनच परत फिरलो.
द. आतून हाक मारतोय. "आणा की, रावसाहेब."
फेटा समोर आहे. दिला तर द. घरी बसतो, न दिला तर गणूचा मान जातो. उशीर व्हावा म्हणूनच हे लिहीत बसलोय. पुन्हा हाक आली.